पहिल्याच्या हातावर श्री

आमच्या शाळेच्या दाराची उजवी चौकट कमरेच्या उंचीवर चांगली बोटभर खचलेली होती. नवीन माणसाला वाटे, वाळवी लागली असेल. ती वाळवी नव्हती, ती सेतु पंतोजींची छडी होती.

पंतोजी रोज सकाळी त्या दारात उभे राहत. एका हातात बोरू, खिडकीत शाईची दौत, काखेत छडी. जो मुलगा सर्वांत आधी येईल त्याचा उजवा तळवा हातात घेऊन त्यावर सुरेख ‘श्री’ काढत. दुसऱ्याच्या हातावर शून्य काढत, म्हणजे शाबासकीही नाही आणि शिक्षाही नाही. तिसऱ्याला एक छडी, चौथ्याला दोन, पाचव्याला तीन, अशी चढती भाजणी. मुलांना मारायचं नाही असा हुकूम वरून आल्यावर पंतोजींनी तो अक्षरशः पाळला. छडी मुलांऐवजी चौकटीवर बसू लागली. एकेचाळिसावा मुलगा आत शिरताना ते मोजून एकोणचाळीस वेळा चौकट बडवत, आणि तो मुलगा खाली मान घालून आपल्यालाच लागल्यासारखा उभा राही. तोवर प्रार्थना आटोपून पहिला तास अर्धा झालेला असे.

ही रीत त्यांच्या ओट्यावरच्या शाळेतली. कुंभकोणमात आमच्या मराठी आळीत त्यांच्या घराच्या ओट्यावर ती भरे. कावेरीची वाळू पसरायची आणि तीत बोटानं अक्षरं गिरवायची. मी तिथलाच विद्यार्थी. रोज उशिरा येणारा. पाच वर्षांत माझ्या हातावर एकदाही श्री उमटली नाही. छड्या मात्र सातआठपेक्षा कमी कधी पडल्या नाहीत, आणि त्या काळी त्या चौकटीवर पडत नसत.

पुढे मी मद्रासेत शिकलो, मास्तरकीचं ट्रेनिंग घेतलं आणि हेडमास्तर होऊन गावी परत आलो. तोवर ओट्यावरची शाळा बंद होऊन मुलं आणि पंतोजी दोघंही या नव्या शाळेत आले होते. मी हाताखालच्या माणसाच्या पाया पडू की त्याला कामाची वाटणी सांगू, हेच मला पहिल्या दिवशी कळेना. पंतोजींनी प्रश्न सोडवला. चारचौघांत ते मला तिकडच्या आदराच्या रीतीनं ‘हेडमास्तर-अय्या’ म्हणू लागले आणि एरवी लहानपणच्या नावानं ‘किट्टू’.

मी नव्या शिक्षणानं भारावून गेलो होतो. बाकं, फळा, नकाशे, हातवारे करून म्हणायची गाणी. घोकंपट्टी बंद! पंतोजींना समोर बसवून मी तासन्‌तास समजावत असे.

“मुलाला आपण सांगायचं नाही, पंतोजी. प्रश्न विचारून त्याच्याकडूनच उत्तर काढायचं.”

“सरि. मग?”

“मग त्याची बुद्धी आपोआप वाढते.”

“सरि. मग?”

हे ‘सरि, मग?’ त्यांचं ठेवणीतलं शस्त्र होतं. ‘सरि’ म्हणजे तिकडे ‘बरं’. ते म्हणताना पंतोजी इतक्या आदरानं मान हलवत की आपलं बोलणं कुठं संपलं आणि फजिती कुठं सुरू झाली ते उमगत नसे.

इन्स्पेक्टर साहेब यायचे होते. साहेबांना वस्तुपाठ फार आवडे. मुलांपुढे एखादी वस्तू ठेवायची आणि तिच्याविषयी मुलांनाच बोलतं करायचं. मी पंतोजींकडून तो आठ दिवस घोटून घेतला. वस्तू त्यांनीच निवडली, विड्याचं पान. आमच्या गावात त्याला काय तोटा!

ठरल्या दिवशी साहेब येऊन मागच्या बाकावर बसले. पंतोजींनी पान उंच धरलं. “हें काय?”

“विड्याचं पान!” अख्खा वर्ग ओरडला.

“कोठें पिकतें?”

“कावेरीच्या काठी!”

“काय करतात त्याचें?”

“खातात!”

पंतोजी माझ्याकडे वळले. “अय्या, पोरांस सगळें येतें. अत्तां यांस मी काय शिकवूं?” एवढं बोलून त्यांनी कनवटीची डबी काढली, पानाला चुना लावला, सुपारीचं खांड ठेवलं आणि वस्तुपाठ तोंडात टाकला.

साहेबांनी वहीत बरंच लिहून घेतलं. पण खरा घोटाळा पानानं झाला नाही. दुसऱ्या दिवशी साहेब शाळा भरण्याआधीच आले आणि त्यांनी दारातला सगळा प्रकार पाहिला. आठ दिवसांनी पत्र आलं. दारात हातावर लिहिण्याची व छडी आपटण्याची रानटी चाल ताबडतोब थांबवावी. न थांबल्यास त्या बिनपरीक्षेच्या शिक्षकास कामावर ठेवता येणार नाही.

खरं सांगायचं तर मला मनातून बरंच वाटलं. लवकर येण्यात कसली आली हुशारी? मी भीत भीत पत्र वाचून दाखवलं. या वेळी ‘मग?’ आलं नाही, ‘सरि’सुद्धा नाही. त्यांनी बोरू धोतराच्या सोग्याला पुसला आणि दौत, छडी, बोरू तिन्ही माझ्या टेबलावर ठेवली. मी ती कपाटात बंद केली.

दुसऱ्या दिवशी पहिला आलेला मुलगा दारात हात पुढे करून उभा राहिला. पंतोजींनी त्याची बोटं एकेक करून मिटवली. “नोको रे अत्तां,” म्हणाले आणि आत गेले. तसं चारपाच दिवस चाललं. मग मुलानं हात पुढे करणं सोडलं. शाळा वेळेवर भरू लागली, आणि मी स्वतःवर खूश होतो.

एकदा वर्षाचा अहवाल पुरा करायचा राहिला म्हणून मी भल्या सकाळी शाळेत गेलो. शिपाई अजून आला नव्हता. कुलपाखाली पायरीवर पंतोजी बसले होते. कावेरीत स्नान झालेलं, कपाळावर ओलं गंध, शेजारी दहीभाताचा डबा.

“पंतोजी, इतक्या लवकर? आता दारात उभं राहायचंही काम नाही.”

“रोज येतों की. ती गेली तेव्हांपासोन.” ती म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन बारा वर्षं झाली होती. “ती असतां म्हणायची, उठा, उशीर झाला. अत्तां घरीं मज उशीर झाला म्हणायास कोण आहे?”

मी त्यांच्या शेजारी बसलो. काही तरी बोलायचं म्हणून म्हणालो, “तुमची ती श्री मला कधी मिळाली नाही बघा.”

पंतोजी हसले. “तुज कशी मिळेल? तुझी आई तुज चार घास ज्यास्ती भरवी, शेंडी बांधी, वळणापर्यंत पोंचवी. तूं सुखाचें पोर. सुखाचें पोर उशिरा येतें, किट्टू. जें पहिलें येतें तें घरीं बसवत नाहीं म्हणोन येतें. कोणाची आई नाहीं, कोणाचा बाप मारतो. त्याचा हात सकाळीं एकदां कोणी धरावा कीं नको? नुसता धरला तर पोर लाजतें. श्री काढायास म्हणोन धरला तर लाजत नाहीं.”

माझं ट्रेनिंग, माझे वस्तुपाठ, सगळं एका क्षणात पोरकट वाटलं. पाच वर्षं ज्या छड्यांचा मी हिशेब ठेवला होता, त्या माझ्या आईच्या लाडाच्या होत्या. आणि हात पुढे करून उभ्या राहणाऱ्या त्या मुलाची बोटं मी मिटवायला लावली होती. मला माझी फार लाज वाटली.

शिपाई आला, कुलूप निघालं. मी कपाट उघडून बोरू आणि दौत घेऊन बाहेर आलो. “हे तुमचं तुम्ही घ्या. साहेबांना काय लिहायचं ते मी लिहीन.” पुढे मी लिहिलंही, की ही वेळेवर हजेरी लावण्याची देशी पद्धत आहे, छडी वगळली आहे. उत्तर कधीच आलं नाही, आणि सरकारचं गप्प बसणं मी परवानगी समजून चाललो.

पंतोजींनी बोरू घ्यायला हात पुढे केला. मी बोरू दिला नाही, हातच धरला. “आज पहिलं कोण आलं, पंतोजी?”

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी त्यांच्या सुरकुतलेल्या उजव्या तळव्यावर श्री काढली. वेलांटी थोडी वाकडी आली. त्यांनी ओल्या शाईवर फुंकर घातली.

“सरि,” म्हणाले. आणि डोळे पुसले, डाव्या हातानं.

मग मुलं आली, घंटा झाली, शाळा भरली. दुपारी सगळे मास्तर डबे सोडून बसले. पंतोजी मात्र डबा न उघडता खिडकीशी बसून होते. मी विचारलं तर म्हणाले, आज भूक नाही.

जेवायला बसायचं तर आधी हात धुवावा लागला असता.