सारियेमचा तापे कधी आंबट होत नाही

सांगून ठेवते, आमच्या पंचक्रोशीत माझ्यासारखा तापे, म्हणजे मुरवलेला गोड भात, कुणाला जमत नाही. चिकट तांदूळ वाफवायचे, गार करायचे, खमिराची पूड भुरभुरायची, केळीच्या पानात पुड्या बांधून तीन दिवस मडक्यात निजवायच्या. एवढंच. पण पूड हातात घेतल्यापासून मडकं झाकेपर्यंत बाईनं चकार शब्द काढायचा नाही. बोललीत, की तापे आंबट. नुसता मनात राग असला तरी आंबट. मग अख्खं गाव तुमचा तापे चाखून तुमच्या घरातली भांडणं ओळखतं.

एरवी मी झोपेतही बोलते. पण तापे करताना घरावर वीज पडली तरी हूं की चूं करत नाही, अशी माझी ख्याती. ही ख्याती माझ्या नवऱ्याला, सेत्रोला, चांगलीच ठाऊक होती.

साखर कारखान्याचे रूळ आमच्या भातखाचरांतून गेले, त्या वर्षीची गोष्ट. कापणीच्या जेवणासाठी मुखियाच्या बायकोनं शंभर पुड्या सांगितल्या होत्या. मी चाळिसावी बांधत होते, तोच सेत्रो आत आला. मागे मोदिनकाका, गावातले निकाह लावणारे.

"सारियेम," सेत्रोचा आवाज लोण्यासारखा मऊ, "पलीकडच्या वाडीतली पाइना. नवरा गेल्यापासून एकटी पडलीय बिचारी. म्हटलं, निकाह लावून घरी आणावी. तुलाही सोबत होईल."

वीस वर्षं मी एकटीनं याचा भात कांडला, तेव्हा सोबत सुचली नाही! तोंडापर्यंत आलेलं गिळलं आणि झारा दाराकडे रोखला. चालते व्हा, असा.

"बघा काका, म्हणतेय, याच दारातून आणा तिला."

मी पाय आपटला. कोंबड्या फडफडत काकांच्या अंगावर गेल्या.

"आनंद झालाय तिला," सेत्रो म्हणाला.

मी केळीचं पान त्याच्या तोंडावर फेकलं. ते पडलं काकांच्या पायाशी. काकांनी ते पसरलं आणि त्यावर बसले.

"बाई, तुझी ना असेल तर आत्ता बोल," ते म्हणाले. "तुझी ना असताना मी निकाह लावायचा नाही."

मी नवऱ्याकडे पाहिलं. उरलेल्या भाताकडे पाहिलं. आणि, सांगायला लाज वाटते, एक्केचाळिसावी पुडी बांधायला घेतली.

मडकं झाकलं तशी मी बांधावरून ओरडत सुटले. दोघे पाइनाच्या ओट्यावर विडा चघळत बसलेले.

"काका, मला मान्य नाही!"

"मग मघाशी बोलली का नाहीस?"

"तापे आंबट झाला असता ना!"

"मला तरी कुणी कुठे विचारलंय, ताई?" पाइना दारामागून म्हणाली. तिच्याकडे कुणी पाहिलंही नाही.

काका पिंक टाकून म्हणाले, "ठीक. आपण तापेलाच विचारू. तू रागात बांधलायस ना? मग आंबट निघेल. आंबट निघाला तर निकाह नाही. गोड निघाला तर तुझ्या मनात काही नव्हतं."

मला हायसं वाटलं. साठ पुड्या मी ज्या रागानं आवळल्या होत्या, त्या रागानं कोळसे पेटले असते. वर तीन दिवस मडक्यापाशी बसून शिव्या दिल्या. सेत्रोला दिल्या, त्याच्या बापजाद्यांना दिल्या, त्या संपल्यावर पुन्हा सेत्रोला. शेजारणी ऐकायला यायच्या.

तिसऱ्या दिवशी मुखियाच्या अंगणात मडकं उघडलं. काकांनी एक पुडी खाल्ली. दुसरी खाल्ली. चौथीचा रस त्यांच्या कोपरापर्यंत ओघळला.

"मध आहे, मध. या बाईच्या मनात तिळाएवढंही विष नाही."

"खोटं आहे हे! मी तीन दिवस शिव्या देतेय!"

"पुरे गं," मुखियाची बायको बोटं चाटत म्हणाली. "रागावलेल्या बाईचा तापे असा होतो होय? पोरींनो, हिच्याकडून शिका काहीतरी."

निकाह त्याच दुपारी लागला. उरलेल्या पुड्या तिथंच वाढल्या. कुणीतरी माझ्याही हातात एक ठेवली. मी रडत रडत खाल्ली. मेली, आयुष्यात इतकी गोड कधी जमली नव्हती.