वरचा वाटा

“ह्या मेल्या कुकरच्या शिट्ट्या बी आता एकटीनंच मोजायच्या. मधीच इसरलं तर इचारावं कुणाला? पत्र्याला?”

पत्र्याच्या पलीकडून रेणूची कुरकुर आली आणि प्रेमलाचा भाकरीवरचा हात थांबला. तीन झाल्या होत्या. स्वतःच्या भाकरी थापता थापता ती धाकट्या जावेच्याही शिट्ट्या मोजायची, रोजच. पण सांगायचं कसं? स्वयंपाकघराच्या मधोमध ठोकलेल्या त्या पत्र्यातून मिरचीचा ठसका जायचा, फोडणीचा वास जायचा, शिंकसुद्धा जायची. बोलणं तेवढं जात नव्हतं. शेवटी तव्याकडे बघून ती जरा मोठ्याने म्हणाली, “तीन.”

पलीकडे गॅस बंद झाल्याचा खटका वाजला. बस, तेवढंच. तेवढ्यावर प्रेमलाने उरलेल्या भाकरी जरा बऱ्या थापल्या.

एकाच चुलीवर होत्या तेव्हा रेणू गावभरच्या गोष्टी सांगायची आणि ऐकता ऐकता प्रेमलाची भाकरी करपायची. मग करपलेली कुणी खायची यावरून दोघी हसायच्या. आता एकही भाकरी करपत नव्हती. वाटणी झाल्यापासून प्रेमलाच्या भाकरीला कुणी नाव ठेवावं असं काही उरलंच नव्हतं.

वाटणीला दोन वर्षं झाली होती. भांडण झालं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. भांडण झालं असतं तर चार माणसांनी येऊन मिटवलं असतं. एका लग्नाच्या पंगतीत कुणीतरी प्रेमलाच्या नवऱ्याच्या, सुग्रीवच्या कानात म्हणालं, “गोडीत आहे तवर वाटण्या करून टाका.” सुग्रीवला वाटलं, हे धाकट्या भावाने, परमेश्वरनेच, बोलायला लावलं असणार. त्याने निमूटपणे रीतीप्रमाणे वाटे घातले. रीत अशी, की थोरल्याने वाटे घालायचे आणि तोंड फिरवून गप बसायचं. मग धाकट्याने हवा तो आधी उचलायचा. रानाचे दोन वाटे झाले, वरचा मुरमाड आणि खालचा काळ्या मातीचा. परमेश्वर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “वरचा.”

मुरूम का उचलला, हे कुणी विचारलं नाही. रागाने उचलला असणार, असं सुग्रीवने धरून टाकलं. त्या दिवसापासून परमेश्वर मोठ्या भावाला ‘अहो दादा, तुम्ही’ म्हणू लागला. जन्मभर ‘दादा, तू’ म्हणणारा माणूस ‘तुम्ही’ म्हणायला लागला की घरात पाहुणा आल्यासारखं वाटतं, आणि हा पाहुणा काही जायला तयार नव्हता.

वाटायचं राहिलं होतं ते फक्त वडीगोद्रीच्या फाट्यावरचं दुकान. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म आणि लग्नपत्रिका. सगळ्याला मिळून कम्प्युटर एकच. सकाळी सुग्रीव त्याच्यावर पत्रिका करायचा, दुपारनंतर परमेश्वर फॉर्म भरायचा. प्रेमला लॅमिनेशनच्या मशीनवर बसायची आणि दुपारी रेणू दोन्ही घरचा डबा घेऊन यायची. दिवसातून तेवढा वेळ चौघं एका छपराखाली जेवायचे. प्रेमला सकाळपासून त्या डब्याची वाट बघायची. त्यातली भाकरी तिनेच थापलेली असली तरी. एकाच गोष्टीची तिला धास्ती होती. ज्या दिवशी दुकानात दुसरा कम्प्युटर येईल, त्या दिवशी शेजारचं दुसरं शटर उघडेल, आणि ही दुपारही जाईल.

त्यात कम्प्युटर म्हातारा झाला. एकेक फाइल उघडायला चहा पिऊन यावं इतका वेळ घेऊ लागला.

“दादा,” परमेश्वर एक दिवस म्हणाला, “अंबडचा सोहेब म्हणत होता, ह्याच हार्डडिस्कचे दोन भाग करता येतेत. एका भागात तुमची जुनी सिस्टीम, पत्रिकेसाठी. दुसऱ्यात फुकटची नवी टाकायची, फॉर्मसाठी. चालू करताना मशीनच इचारती, कोणती पाहिजे.”

सुग्रीवला त्यातलं ‘दोन भाग’ एवढंच ऐकू आलं.

“करू की,” तो म्हणाला. रुसलेला माणूस ‘मला भूक न्हाई’ म्हणतो ना, त्या आवाजात.

कम्प्युटर दुरुस्तीवाल्या सोहेबने फोनवरून सगळं बरोबर समजावून सांगितलं. “दादा, नव्या सिस्टीमला थोडीशीच जागा द्या. जुन्याला जास्ती लागती.”

“न्हाई. सरळ अर्धं.”

“अहो, अर्ध्याची जरूरतच न्हाई!”

“उद्या कुणी म्हणायला नको, थोरल्यानं जास्ती ठेवलं म्हून.”

“म्हणणार कोण? हार्डडिस्क?”

सुग्रीवने ऐकलं नाही. बांध घालावा तशी त्याने पडद्यावर बरोबर मधोमध रेघ ओढली. आपलं सामान अर्ध्यात मावेना, तर जुन्या पत्रिका एकेक करून पुसल्या, पण रेघ हलवली नाही.

“अन् सगळ्या फाइली आधी पेन ड्राइव्हवर काढून ठेवा,” सोहेबने बजावलं होतं. पेन ड्राइव्ह दुकानात एकच होता. सुग्रीवने तो परमेश्वरच्या फॉर्मसाठी रिकामा सोडला. परमेश्वरने दादाच्या पत्रिकांसाठी रिकामा सोडला. दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही, कारण विचारणं बरं दिसलं नसतं. पेन ड्राइव्ह रिकामाच राहिला.

नवी सिस्टीम टाकायचा दिवस शुक्रवार निघाला. “मी नमाजला जाऊन राह्यलो, मी येईपर्यंत बटण दाबू नका,” असं सोहेब म्हणाला होता. पण अंतरवाली सराटीहून आबाराव येऊन बसले होते. त्यांच्या लेकीची, पायलची पत्रिका तयार होती, फक्त छापायची होती, पण कम्प्युटर नव्या सिस्टीमच्या तयारीत अडकला होता, आणि ते दर थोड्या वेळाने घड्याळाकडे न बघता सुग्रीवकडे बघत होते.

रेणू डबा घेऊन आली तेव्हा पडद्यावर हार्डडिस्कच्या दोन भागांच्या दोन ओळी होत्या. नावं कुणालाही न कळणारी, आणि आकार अगदी सारखा. सोहेबचं ऐकून जागा कमीजास्त ठेवली असती, तर आंधळ्यालाही कळलं असतं की रिकामी कोणती.

“दादा, ह्यातली तुमची कोणती अन् रिकामी कोणती?” परमेश्वरने विचारलं.

सुग्रीवने खुर्ची फिरवली आणि तोंड हायवेकडे केलं. “वाटे घालणाऱ्यानं बोलायचं नसतं. उचल तू.”

“अहो, हे काय रान हाय का?”

“रीत ती रीत.”

“अहो, सांगा की त्यांला!” प्रेमला लॅमिनेशनवरून ओरडली.

“तू मधी पडू नको.”

परमेश्वर पडद्यासमोर उभा राहिला. बराच वेळ. प्रेमलाने त्याला असंच उभं राहिलेलं एकदा पाहिलं होतं, बांधावर.

“वरचा,” तो म्हणाला आणि बटण दाबलं.

मशीनने विचारलं, ह्यातलं सगळं पुसलं जाईल, पुसू का? परमेश्वरने हो म्हटलं. मशीनने पुन्हा विचारलं, नक्की ना? प्रेमलाला वाटलं, यंत्र असून दोनदा विचारतं. आपण माणसं, तेव्हा एकदाही विचारलं नाही.

जेवणं उरकेपर्यंत काम झालं. कम्प्युटर असा झपकन चालू झाला की परमेश्वरच दचकला. कोणती सिस्टीम पाहिजे, असं काही त्याने विचारलंच नाही. निळाशार पडदा आला, त्यावर एकही फाइल नव्हती.

“वा! लई जल्दी चालतो की,” आबाराव खुर्ची पुढे ओढून म्हणाले. “दाखवा आता आमच्या पायलची पत्रिका.”

पत्रिका नव्हती. पायलचीच काय, कुणाचीच नव्हती. खालचा भाग उघडला, तर तो नुकत्याच झाडलेल्या अंगणासारखा लख्ख. पेन ड्राइव्ह लावला, तोही तसाच. भावाभावांनी पेन ड्राइव्हकडे बघितलं, एकमेकांकडे नाही.

सोहेबचा फोन लागला. परमेश्वरने तो स्पीकरवर टाकून झालेलं सांगितलं.

“या अल्ला. वरचाच उचलला? भाऊ, जे काय होतं ते वरच्यातच होतं ना!”

“माझी चूक झाली,” परमेश्वर म्हणाला.

“तुझी कशी? वाटे मी घातले. माझी चूक.”

“न्हाई दादा, तुमची बिलकुल न्हाई.”

“न्हाई, माझीच.”

“चूक कुणाची बी असंना,” आबाराव म्हणाले, “पण नवरदेवाचं नाव काय हाय, तेवढं तरी ध्यानात हाय का कुणाच्या? मलाच आठवंना आता!”

सुग्रीवने बोलता बोलता खुर्ची पुन्हा रस्त्याकडे फिरवली. “आपण असं करू,” तो हळू म्हणाला. “दुसरा कम्प्युटर घेऊ. ज्याचा त्याला. शेजारचं शटर रिकामंच हाय.”

रेणू डब्याची झाकणं लावत होती. तिच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. तिने प्रेमलाकडे बघितलं आणि प्रेमलाने तिच्याकडे. इथे मध्ये पत्रा नव्हता, आणि दोघींची धास्ती एकच होती.

“रुको, रुको!” स्पीकरवरून सोहेब ओरडला. “कशालाच हात लावू नका. मी येऊन बघतो, काही निघंल, काही न्हाई निघायचं. पण एक सांगा मला. हे दोन हिस्से मुळात पाहिजे होते कुणाला?”

“परमेश्वरला,” सुग्रीव म्हणाला.

“दादाला,” परमेश्वर म्हणाला.

दोन्ही उत्तरं एकदमच आली.

बाहेरून उसाचा ट्रक गेला. आबारावांनीसुद्धा सुग्रीवकडे बघायचं सोडलं.

“तूच तर म्हणाला, दोन भाग करू,” सुग्रीव रस्त्याकडेच बघत म्हणाला.

“तुमच्या पत्रिका जाऊ नयेत म्हून म्हणलो. तुम्ही लगेच अर्धं मोजायला बसले.”

प्रेमलाने लॅमिनेशनचं मशीन बंद केलं. “भावजी,” ती म्हणाली, “वरचा का उचलला?”

ती आजचं विचारत होती की दोन वर्षांपूर्वीचं, हे तिचं तिलाही नक्की सांगता आलं नसतं.

परमेश्वरने मान खाली घातली. “खालचाच चांगला असतो ना, वहिनी. काळी माती. म्हणलं, तो दादाला राहू द्यावा.”

सुग्रीवची पाठ हलली नाही. परमेश्वर खुर्चीला वळसा घालून त्याच्यासमोर गेला. आता दादाला हायवे दिसत नव्हता, भाऊच दिसत होता.

“मला वाटणी नकोच होती, दादा. ह्या मशीनची बी न्हाई अन् घराची बी न्हाई. तू वाटे घालून तोंड फिरवून बसला, म्हून मी उचलला.”