वानोळ्याचा बाजार

बाजार भरवणं ही काही अवघड गोष्ट नाही, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. मोकळी जागा पाहिजे, भाजी पिकवणारे पाहिजेत आणि भाजी खाणारे पाहिजेत. हे सगळं हाताशीच होतं. कमतरता होती ती फक्त डोकं चालवणाऱ्या माणसाची, आणि तो माणूस सुदैवाने मीच होतो!

नांदुऱ्याच्या हायस्कुलात मी इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायचो. नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, जिल्हा परिषदा नुकत्याच आल्या होत्या. 'लोकांनी पुढाकार घ्यावा' हे वाक्य वर्गात बोलून बोलून माझ्याच अंगात भिनलं होतं.

आमची वस्ती रुळांच्या पलीकडची. मास्तर, पोस्टातले आणि बँकेतले कारकून असे आम्ही सगळे नवे रहिवासी. दर महिन्याला एखादं घर उभं राहत होतं, पण बाजार मात्र जुन्या गावात, आणि मध्ये रेल्वेचं फाटक. मालगाडी मलकापुराहून निघाली की आमचं फाटक बंद व्हायचं आणि ती जळंबला पोचल्याची खात्री झाली की उघडायचं. निदान बायकांचं तरी असंच म्हणणं होतं. एका दुपारी माझी बायको शारदा बाजारातून आली आणि मान टाकलेल्या सांबारासकट, म्हणजे कोथिंबिरीसकट, पिशवी तिने माझ्यासमोर ठेवली.

"एक तर बाजार इकडे आणा," ती म्हणाली, "नाहीतर इथून पुढे ही पिशवी तुमची."

मी म्हणालो, आणतो. तिने शेजारच्या प्रतिमावहिनींना हाक मारून तेच वाक्य मला पुन्हा बोलायला लावलं. साक्षीदार असावा म्हणून.

वस्तीच्या तोंडाशी उत्तमरावांची जागा मोकळी पडली होती. उत्तमराव कापसाचे व्यापारी, शब्दाचे पक्के आणि हिशेबाचे त्याहून पक्के. तिथे लाकडाची वखार टाकायचं त्यांच्या मनात होतं. मी त्यांना नागरिकांच्या कर्तव्यांवर बरंच काही ऐकवलं. त्यांनी ते डोळे मिटून ऐकलं.

"गुरुजी, जागा देतो," ते म्हणाले. "पण रयवारी मी सोता येतो पाहाले. सौदा होतानी दिसला पायजे. एक जरी सौदा झाला तरी जागा बाजाराची. नाही झाला, त मंग मी माह्या मनानं करीन."

एक सौदा! मला हसूच आलं.

लगेच मी शेजारचं वडनेर भोलजी गाव गाठलं. माझ्या वर्गातली निम्मी पोरं तिथली. हिंमतरावांच्या ओसरीवर बसलो, चहा घेतला, मग मंजुळाबाईंकडे ताक घेतलं. प्रत्येक घरी मी एकच सांगितलं: आमच्या वस्तीत चांगली भाजी मिळत नाही, बायका-मुलांचे हाल होतात, तर रविवारी सकाळी तुम्ही सगळे भाजी घेऊन या. भावाबद्दल मी चकार शब्द काढला नाही. विद्यार्थ्याच्या बापाशी वांग्यांच्या भावाची चर्चा मला शोभेना. आणि त्यात सांगायचं काय होतं? भाजी विकायलाच आणतात, एवढं तर लहान मुलालाही कळतं!

हिंमतरावांचे डोळे किंचित ओलावल्यासारखे वाटले. पुढाकाराच्या कल्पनेनं भारावले असतील, असं मी समजलो.

रविवारी दिवस उगवतो न उगवतो तोच बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर गाड्यांची रांग! वांगी, मेथी, मुळे, तुरीच्या शेंगा. एका गाडीत ज्वारीचं पोतं होतं, एकीत गव्हाचं पीठ, आणि मागून एकजण दुधाची बरणी सांभाळत चालत येत होता. मी शारदेकडे असं पाहिलं, की एखाद्या सेनापतीनेही जिंकलेल्या किल्ल्याकडे पाहिलं नसेल.

मी उत्तमरावांच्या मैदानावर पोचेपर्यंत प्रतिमावहिनी दोन्ही हातांत वांगी घेऊन परत निघाल्या होत्या. चेहरा गोंधळलेला. त्यांनी भाव विचारला होता आणि मंजुळाबाईंनी कानांना हात लावले होते. पुढे पोस्टातल्या कारकुनाच्या गळ्यात कोणीतरी मेथीच्या जुड्या घालत होतं आणि तो खिशात हात घालू लागला तर घालू देत नव्हतं.

मी हिंमतरावांना बाजूला घेतलं. हे काय चाललंय, विचारलं.

"वानोळा हाय गुरुजी," ते म्हणाले. "तुम्ही घरी येऊन तोंडानं सांगतलं, का आमचे हाल होऊन राह्यले. मंग आमी भाव कराव काय?"

शेतातला पहिला माल सोयऱ्याधायऱ्यांकडे, मानाच्या माणसांकडे पाठवायचा तो वानोळा. त्याचे पैसे घेत नाहीत आणि त्याला नाही म्हणत नाहीत. माझ्या पाठीमागे वडनेरात काय झालं होतं, ते मग हळूहळू कळलं. नांदुऱ्याच्या गुरुजी लोकांची उपासमार चालू आहे, पगार वेळेवर होत नाही, पण बिचारे अब्रूपायी बोलत नाहीत, अशी बातमी गावभर झाली होती. मारुतीच्या पारावर बैठक बसली होती. ज्वारी आणि पीठ घरोघरून गोळा केलेलं होतं. एका म्हातारीने तर माझ्यासाठी नवऱ्याचा जुना कोट पाठवला होता. तो मला बसला, हे आणखी वाईट.

पण माझा जीव अडकला होता त्या एका सौद्यात. उत्तमराव कोणत्याही क्षणी येणार होते. मी मंजुळाबाईंसमोर उकिडवा बसलो आणि म्हणालो, ही मेथीची जुडी मला विकत द्या. फक्त एक.

"माह्या नातवाले तुमी शिकवता," मंजुळाबाई म्हणाल्या, "अन् मी तुमच्यापासून पैसे घेऊ? काऊन असं बोलून राह्यले गुरुजी? आमचं काही चुकलं काय?"

त्यांनी डोळ्याला पदर लावला. आजूबाजूचे लोक माझ्याकडे असे बघू लागले की मी मुकाट्याने जुडी उचलली, आभार मानले आणि उठलो.

तिकडे घराघरांत वेगळीच धांदल उडाली होती. वानोळ्याची टोपली रिकामी पाठवायची नसते. शारदेने आधी साखर घातली, मग चहाची पुडी, मग लोणच्याची बरणी. प्रतिमावहिनींच्या घरचे लाडू संपले आणि अंगाच्या साबणाची नवी वडी गेली. मास्तरांची कपाटं टोपल्यांत रिकामी होत होती आणि गाड्या पुन्हा भरत होत्या. त्यात शारदा बाहेर येऊन सगळ्यांना म्हणाली, आता जेवल्याशिवाय कोणी जायचं नाही.

मग काय! हिंमतरावांनी मैदानातच गोवऱ्या पेटवल्या. गव्हाच्या पिठाचे रोडगे निखाऱ्यात गेले, वांग्यांची रस्सेदार भाजी मोठ्या गंजात रटरटू लागली, पोस्टाचा कारकून मुळे चिरायला बसला. असा वास सुटला की फाटकाचा गेटमन हिरवं निशाण हातात घेऊनच आला.

आणि उत्तमराव आले.

त्यांनी मैदानभर नजर फिरवली आणि विचारलं, "सौदा कोन्ता झाला गुरुजी?"

शेवटचा उपाय म्हणून मी हिंमतरावांच्या कानात सांगितलं, निदान यांना तरी चार वांगी विका. हिंमतराव माझ्याकडे बघतच राहिले.

"आज ते तुमचे पाव्हणे. त्याईले कसे विकाव?" असं म्हणून त्यांनी उत्तमरावांना हात धरून पंगतीत बसवलं.

उत्तमराव पोटभर जेवले. तूप ओतलेला रोडगा पुन्हा मागून घेतला. जाताना त्यांच्या हातात वांग्यांची टोपली होती, वानोळ्याची.

"बाजार काही भरला नाही गुरुजी," त्यांनी निकाल दिला. "पण पंगत अशी मी जिंदगीत पाह्यली नाही. जागा पंगतीचीच हाय ही. इथं मंगल कार्यालय बांधतो!"

त्या संध्याकाळी शारदेने पिशवी माझ्या छत्रीच्या खुंटीवर अडकवली.

पुढच्या आठवडी बाजाराला फाटकापाशी ऊन खाऊन मी जुन्या गावात पोचलो, तर समोर मंजुळाबाई मेथी मांडून बसलेल्या. मला हायसं वाटलं. आपल्याच माणसापाशी आलो, अशा थाटात मी पिशवी पुढे केली. त्यांनी भाव सांगितला. मी थोडं कमी करायला सुचवलं. त्या काही खाली येईनात. मी आठवण करून दिली, मंजुळाबाई, मी गुरुजी.

"वळखलं ना," त्या प्रेमाने म्हणाल्या. "तवा तुमी घरी येऊन बोलावलं होतं. आज तुमी बाजारात आले."

वर्षाच्या आत मंगल कार्यालय उभं राहिलं. लग्नसराईत तिथे रोज भाजी लागते. हिंमतरावांच्या गाड्या पहाटेच वस्तीत येतात, मंजुळाबाई दारात उभ्या राहून उत्तमरावांशी घासाघीस करतात आणि सौदे तर ढिगाने होतात. परवा मी पिशवी घेऊन निघालो होतो. मंजुळाबाई वांग्यांचं पोतं उतरवून घेत होत्या. मी म्हणालो, यातलीच थोडी द्या, हवा तो भाव घ्या.

"हा माल तं लग्नाचा हाय गुरुजी," त्या म्हणाल्या. "तुमी व्हा पुढं. मी येतोच बाजारात."

मी पुढे झालो. फाटक बंद होतं.