साळवे सरांचं दोरीचं कडं

साळवे सरांच्या हाती दोरी लागली की ती परत मिळत नसे. आधी आम्हा शेजाऱ्यांच्या तक्रारी सांगते, मग माणूस. वाळत घातलेल्या परकराची नाडी, मिठाईच्या पुड्याचा दोरा, माझ्या शिवणाच्या डब्यातली फीत. सर त्यांची वेटोळी एकात एक अडकवून कडं करायचे.

"हा आरएनए," ते सांगत. "पेशीतला धागा. नीट वळवला तर असं बारीक कडं होतं. एका बाजूला औषध, दुसऱ्या बाजूला कॅन्सरची पेशी ओळखून तिला अडकणारा आकडा. बाकी शरीराला धक्का नाही."

नव्वदचं दशक सरत आलं होतं. सर शेवगावच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवत, आणि परदेशी मासिकात हे वाचल्यापासून बाजारातही शिकवत. एकदा भाजीवाला म्हणाला, "म्हंजी ठिबकच की सर! पाट सोडायचा न्हाई, मुळाशीच पानी."

"मूळ नव्हे, पेशी. अचूक बोला."

हे त्यांचं पालुपद. त्यांच्या पत्नीचा, सुमनवहिनींचा, कॅन्सर पसरल्याचं कळलं तेव्हा नणंद भेटायला आली. म्हणाली, "बरी होशील गं." सर वहिनींसमोरच म्हणाले, "अचूक बोल. शक्यता कमी आहे." नणंदेचा चहा कपातच राहिला.

पुण्याच्या औषधानं वहिनींचे केस गेले, चव गेली, नखं काळी पडली. औषध थांबवलं तर दिवाळी दिसणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी एके दिवशी त्या म्हणाल्या, "बास. आता मी पुण्याच्या गाडीत बसायची नाही."

त्या दुपारी सरांनी आमच्या दारात येऊन हे सांगितलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुमचं ते कड्याचं औषध कधी येणार?"

"अजून परीक्षानळीत आहे. आपल्या हयातीत अवघड."

संध्याकाळी मी डबा घेऊन गेले, तर सर वहिनींच्या पायाशी बसलेले.

"पुढच्या वर्षी पुण्यात येतंय ते औषध," ते सांगत होते. "तेवढं वर्ष काढ."

"नक्की?"

"नक्की."

मी दारातच थांबले. वहिनींनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं. सकाळची गाडी धरू."

सर लगबगीनं स्टँडवर चौकशीला गेले. मी डबा ठेवला.

"कान बघितलेत त्यांचे?" वहिनी म्हणाल्या. "लालभडक. जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले, तेही धड जमलं नाही. माझ्यासाठी एवढं केलं हो ताई त्यांनी. मी गाडीत तरी बसते."