अण्णाजींच्या नडग्यांवरची जाळी

डिसेंबरात सारं नवा रायपूर कानटोपीत शिरतं, तेव्हा आमचे शेजारी अण्णाजी अर्ध्या बाह्यांच्या बनियनवर फिरतात. कोणी हटकलं की उत्तर ठरलेलं, "थंडी म्हणजे मनाचा आळस आहे, साहेब!"

अण्णाजी रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले. पत्नी आधीच गेलेल्या. जुन्या रायपुरातल्या बूढ़ापाऱ्यातलं भाड्याचं घर सोडायला लावून मुलानं त्यांना इथं फ्लॅट घेऊन दिला आणि स्वतः हैदराबादेत राहिला. इथले रस्ते एवढे रुंद, की पलीकडच्याला नमस्कार करायचा तर आधी तो ओळखीचा आहे का, हे बघायला चष्मा पुसावा लागतो.

यंदा त्यांच्या नडग्यांवर लाल चट्टे उठले. झालं! पायजमा गुडघ्यापर्यंत वर ओढून त्यांनी अख्ख्या सोसायटीला ते दाखवले. कोणी म्हणालं डास, कोणी म्हणालं रक्त बिघडलं. अण्णाजींचा संशय थेट सरकारवर. "राजधानीचं पाणी आहे हे. मंत्रालयातल्याले पचते, आपल्याले पचत नाही." कडुलिंब झाला, हळद झाली, दुकानदारानं दिलेल्या ट्यूबा झाल्या. चट्टे हटेनात.

शेवटी मीच त्यांना शहरात त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी निरखून पाहिलं, बोटानं दाबलं. चट्टे सुटे नव्हते, जाळीसारखे एकमेकांत गुंतले होते.

"बाबूजी, आग तापते हो क्या?"

"मैं?" अण्णाजी खुर्चीतून अर्धे उठले. "मेरे को ठंड लगतीच नहीं!"

"आपके पैर तो कुछ और बोल रहे हैं."

मग बाईंनी समजावून सांगितलं. शेक भाजण्याइतका नसला तरी रोज रोज, बराच वेळ लागला की कातडीवर अशी लाल जाळी उठते. आगीपासून दूर राहा, कोरड्या कातडीला साधं क्रीम लावा, हळूहळू विरेल. नाही विरली किंवा तिथं जखम झाली, तर लगेच दाखवा.

 परतताना गाडीतून मंत्रालयाचे दिवे दिसू लागल्यावर अण्णाजी बोलले, "गेटवरचा चौकीदार समारू गोरसी पेटवते ना, ती मातीची शेगडी. तिथं बसतो मी संध्याकाळचा."

"म्हणजे थंडी वाजते तर!"

"थंडी काहून वाजन? गोष्टी होतात. तो रोज विचारते, 'आज का साग खाये हव, बाबूजी?' मी कोणती भाजी खाल्ली, हे विचारणारं आता कोण आहे मले?"

मी म्हणालो, "मग जरा दूर बसून गोष्टी करा."

"दूर बसलो तर त्याले वाटन, बाबूजीचं मन भरलं. आणि म्हातारा माणूस तो, आग सोडून माझ्यापाशी काहून येईल?"

त्या संध्याकाळी मीही गेटवर गेलो. अण्णाजींनी खुर्ची पार भिंतीला टेकवून ठेवली होती. स्वतःच्याच बदलीचा हुकूम वाचावा तशा आवाजात त्यांनी समारूला डॉक्टरचं म्हणणं ऐकवलं. समारूनं सगळं ऐकून घेतलं. मग घोंगडी अंगाभोवती आवळली, स्टूल उचललं आणि अण्णाजींच्या खुर्चीला खेटून मांडलं. गोरसी तिकडे एकटीच धुमसत राहिली. समारूचे दात वाजत होते.

अण्णाजींनी मान दुसरीकडे वळवली. 

"आज वांगं केलं होतं," ते म्हणाले. "थोडं करपलं."