समुद्रकाठचं चूलबंद आवतन

"पन्नासच माणसं!" सुनिताने बजावले. "एक्कावन्नावं दिसलं, तर मी लग्नाला उभी राहणार नाही. आबा, शब्द द्या."

नवनीतने शब्द दिला. ब्राह्मणपुरीत पपईचा मळा कसणाऱ्या या माणसाला मुलीला नाही म्हणणे कधी जमलेच नाही. सुनिता सुरतेला नर्स, नवरामुलगा दिनेशही तिथलाच, आणि लग्न सुरतेपुढच्या समुद्रकिनारी, थेट वाळूवर. नवनीतला ही हौस मनापासून आवडली होती. अडचण गावाची होती.

"भाऊबंदले आवतन नही दिधं, ते उद्या तोंड कसं दखाडशात?" त्याची बायको शोभाबाई म्हणाली.

"देऊत ना. चूलबंद देऊत! इतलं दूर कोन येई? आपला मान ऱ्हाई, पोरले दिधेल शब्द बी ऱ्हाई."

चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी लग्नालाच जेवायचे. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन नवनीत अक्षता घेऊन दारोदार फिरला. प्रत्येकाला हात धरधरून आग्रह केला. न येणाऱ्याला आग्रह करायला काय जाते?

शेवटचे घर रूपचंदनानांचे. सत्तरी ओलांडलेल्या नानांचे अक्षता घेताना डोळेच भरून आले.

"नवनीत, मी आजूनलोंग समिंदर दखा नही रे. तुन्हामुये दखाई जाई."

"नाना, लई दूर शे. तुम्हना गुडघा..."

"गुडघाले बी दखाडसू!"

संध्याकाळपर्यंत गावाला शोध लागला की नानांनीच काय, जवळजवळ कुणीच समुद्र पाहिलेला नाही. जमनाकाकूने बट्ट्या भाजायला गोवऱ्यांची पोती भरली. चार ट्रक ठरले. दिलेले आवतन आता कोणत्या तोंडाने परत घ्यायचे? नवनीत रोज म्हणे, सुनिताला उद्या सांगू. असे करता करता लग्नाचा दिवस उजाडला.

किनाऱ्यावर ट्रक रिकामे होऊ लागले, तेव्हा सुनिता मुंडावळ्या बांधून उभी होती.

"आबा!" एवढेच ती म्हणाली. नवनीत जागच्या जागी वितभर खचला.

"मी त्यास्ले मांगे बठाडस," तो पुटपुटला.

पण बसवायला कुणी उरलेच नव्हते. ओहोटी लागली होती. समुद्र मागे सरकत होता आणि त्याच्या पाठोपाठ गाव. नाना सगळ्यांच्या पुढे. त्यांना बोलवायला नवनीत गेला, तो तिकडचाच झाला.

गोरज मुहूर्ताला मंडपात बरोबर हवी तेवढीच माणसे होती, बहुतेक नवऱ्याकडची, पांढऱ्या खुर्च्यांवर गप्प बसलेली. भटजींनी वधूपित्याला तीनदा हाक मारली.

सुनिताने त्या खुर्च्यांकडे पाहिले. हेच तर तिने मागितले होते. तिकडे लांब जमनाकाकू लुगडे भिजवल्याबद्दल समुद्राशी भांडत होती, म्हातारेकोतारे पोरांसारखे ओरडत होते. एवढ्या गलक्यात फक्त आपले लग्नच नाही, याचा तिला एकदम राग आला.

"दिनेश, चल. भटजीबुवा, अंतरपाट घ्या बरोबर."

शालू गुडघ्यापर्यंत धरून येणारी मुलगी दिसताच नवनीतने पाण्यातच हात जोडले. "बेटा, मन्हं चुकनं. मी आते बठ्ठा गावले मांगे..."

"चूप ऱ्हावा, आबा." तिने चपला काढून त्याच्या हातात दिल्या. "नाना, सरका थोडा. मन्हं लगीन शे!"