टॅब्लेटला भोक कशाला?

मुळशी तालुक्यात माणसं तीन प्रकारची: गुन्हेगार, संशयित आणि जयसिंगराव. ही वर्गवारी अर्थातच जयसिंगरावांची. पिरंगुटला पिठाच्या गिरणीच्या माडीवर त्यांचं गुप्तहेर कार्यालय होतं आणि ते अत्यंत गुप्त आहे, असं खाली रस्त्यावरून दिसेल एवढ्या पाटीवर लिहिलेलं होतं. ‘माझ्या नजरेतून काही सुटत नाही’ हे वाक्य ते इतक्यांदा म्हणत, की त्यांचा सहायक एकनाथ याला ते झोपेतही ऐकू येई. उरवड्याचा हरवलेला कोंबडा जयसिंगरावांना सापडला तो स्वतःच्या ताटात, तेही दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेतल्यावर. दुसरी नोकरी मिळेपर्यंत ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं एकनाथनं ठरवलं होतं.

त्या दिवशी दोघं कोळवणला भैरूअण्णांकडे आले होते, पण चोर धरायला नव्हे, टॅब्लेट जोखायला. भैरूअण्णांची सून सायली हिची चार वाजता व्हिडिओवर मुलाखत होती. शहरवाल्यांच्या फार्महाऊसांचं बुकिंग घरबसल्या सांभाळायची नोकरी. तिचा मोबाईल लावणीच्या वेळी खाचरात बुडाला होता, म्हणून पौडच्या मोबाईलच्या दुकानातला मोईन एक टॅब्लेट घेऊन आला होता. पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर संध्याकाळी परत. सुनेनं काचेतून परक्यांशी बोलणं भैरूअण्णांच्या पचनी पडत नव्हतं. “कुनी जानता मानूस चांगला हाय म्हनला, तरच घिऊ,” असं म्हणून त्यांनी ती पाटी वाचून जाणता माणूस बोलावला होता.

टॅब्लेट मात्र खरोखर चमत्कारिक होता. एका कडेला जाडजूड नळी, नळीतून उघडणारा पत्र्याचा टेकू आणि टेकूच्या मधोमध अंगठा जाईल एवढं भोक. पोळपाटाला लाटणं वेल्ड केल्यासारखा.

“गुण,” जयसिंगराव उभे राहून म्हणाले. “नळीत बॅटरी आहे, त्यामुळे ती दिवसभर पुरेल. हातात घट्ट बसतो. टेकूवर उभा राहतो. आता दोष. जड आहे, पिशवीत मावत नाही आणि मांडीवर ठेवला तर घरंगळतो.” तो घरंगळलाच, मोईननं झेलला म्हणून वाचला. “पण सर्वांत गंभीर दोष हे भोक. निरुद्देश भोक म्हणजे बनवणारे कारखान्यात झोपा काढतात याचा पुरावा. भैरूअण्णा, घेऊ नका.”

“साहेब, त्या भोकाचं असं हाय की...” मोईन म्हणाला.

“विक्रेत्यानं मध्ये बोलू नये.”

“अण्णा, भोकातनं माझी मुलाखत गळून पडणारे का?” सायली म्हणाली. “आजच्यापुरता तरी राहू दे.”

“आजचा दिस राहू दे,” भैरूअण्णा नाइलाजानं म्हणाले, आणि सगळे आत जेवायला बसले. टॅब्लेट पडवीतच जमिनीवर राहिला, कारण त्या घरात रेंज येई ती फक्त पडवीत, दारापाशी.

सायलीनं केलेला रस्सा असा झणझणीत, की घामाघूम झालेले जयसिंगराव सगळ्यांच्या आधी उठले. पडवीत येऊन त्यांनी अंगातला कोट दारामागच्या खुंटीला अडकवला आणि सतरंजीवर आडवे झाले. डिटेक्टिव्हला खिसे लागतात म्हणून हा कोट ते भर उन्हाळ्यातही घालत. एकनाथ हात पुसत बाहेर आला तेव्हा ते घोरत होते आणि टॅब्लेट जागेवर नव्हता.

“कुणीही हलायचं नाही,” जागे होताच जयसिंगराव गरजले. त्यांचा चेहरा दिवाळीतल्या पोरासारखा उजळला होता. मुलाखतीला तासभरही उरला नव्हता आणि सायलीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“साहेब, टॅब्लेटला फोन लावून बघू का?” एकनाथ म्हणाला. “मोईननं सिमकार्ड घातलंय त्यात.”

“म्हणजे तो वाजेल आणि चोर सावध होईल. तुझ्या डोक्यात काय भुसा भरलाय?” जयसिंगरावांनी सगळ्यांचे मोबाईल जप्त करून एका सुपात ठेवले.

पहिला संशयित मोईन. त्यानं टॅब्लेट लंपास करून पुन्हा विकायचा बेत केला होता.

“अवो, तो माझाच हाय की अजून,” मोईन म्हणाला. “माझी वस्तू मी चोरून मलाच फसवू व्हय?”

दुसरा संशयित शेजारच्या फार्महाऊसवाल्यांचा ड्रोन. त्यानं वरून आकडा सोडला आणि भोकात अडकवून टॅब्लेट उचलला. “भोकाचं प्रयोजन मला आत्ता उलगडलं,” जयसिंगराव म्हणाले.

“वरनं उचलून न्येनारा, मग अंगनातली आमची कोंबडी कशी ऱ्हायली?” भैरूअण्णांनी विचारलं.

जयसिंगराव त्यांच्याकडे सावकाश वळले. “सुनेनं नोकरी करू नये असं या घरात कुणाला वाटतं? टॅब्लेट नाही, तर मुलाखत नाही. मुलाखत नाही, तर नोकरी नाही. भैरूअण्णा, कुठं लपवलात?”

सायलीनं सासऱ्यांकडे पाहिलं. “खरंच, अण्णा?”

“मला पटत न्हाई तर मी तोंडावर म्हंतो, पोरी,” भैरूअण्णांचा आवाज चिरकला. “असलं चोरून न्हाई करत.” पण तिचे डोळे भरून आले होते, आणि ते त्यांना दिसले होते. एकनाथला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेवढ्यात जयसिंगरावांचा कोट वाजायला लागला.

सगळ्यांनी कोटाकडे पाहिलं, मग जयसिंगरावांकडे. ते पांढरेफटक पडले. “माझ्या कोटाला यात गोवण्यात आलं आहे,” ते म्हणाले.

शेतावर गड्यांना भाकरी देऊन परतलेल्या साळूबाई, सायलीच्या सासूबाई, दारात उभ्या होत्या. “वाजतंय ते घ्या की कुनीतरी,” म्हणत त्यांनी कोट काढून सतरंजीवर भिरकावला. कोटाखाली त्याच खुंटीला, भोकातून अडकवलेला, सरळ ताठ टॅब्लेट.

“तुमी आत जेवत हुता तवा पडवी झाडली. ह्ये पायात येत हुतं,” साळूबाई म्हणाल्या. “भोक दिसलं, टांगलं. मला इचारलं का कुनी?”

कुणीच विचारलं नव्हतं. बायकांना टॅब्लेटमधलं काय कळतं, म्हणून जयसिंगरावांनी त्यांना संशयितांतूनच वगळलं होतं.

“मी त्येच सांगत हुतो,” मोईन पुटपुटला. “भोक टांगायसाठीच हाय.”

चार वाजले होते. सायलीनं पदरानं डोळे पुसले आणि जागेवरच हिरवं बटण दाबलं. टॅब्लेट बरोबर तिच्या तोंडासमोर, रेंज भरपूर, हात मोकळे. “नमस्कार, मी सायली बोलतेय.” भैरूअण्णा अंगणात गेले आणि मुलाखत संपेपर्यंत कोंबड्यांना आवाज न करता हाकलत राहिले.

“सोमवारपासून काम सुरू,” शेवटी सायली वळून म्हणाली. “अण्णा, मघाशी चुकले मी.”

“ऱ्हाऊ दे,” भैरूअण्णा म्हणाले. “काय इचारलं त्येंनी?”

“पाहुण्याची वस्तू हरवली तर काय कराल. म्हटलं, आधी तिला फोन लावीन, मग सासूबाईंना विचारीन. डिटेक्टिव्ह काही बोलवणार नाही.”

परतीच्या वाटेवर जयसिंगराव स्कूटरवर मागे बसून म्हणाले, “मी पहिल्यापासून म्हणत होतो, एकनाथ, सगळी भानगड त्या भोकात आहे. माझ्या नजरेतून काही सुटत नाही.” पौड आलं आणि त्यांनी अंग चाचपलं. “स्कूटर थांबव. माझा कोट चोरीला गेलाय.”

निघताना साळूबाईंना तो उचलून पुन्हा खुंटीला टांगताना एकनाथनं पाहिलं होतं. त्यानं स्कूटर थांबवली नाही.